मैहरचे बाबा : उस्ताद अल्लाउद्दीन खाँ आणि वृंदवादन

उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे नाव निघाले की पाठोपाठ अली अकबर, रविशंकर, अन्नपूर्णादेवी, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी ही नावे घेतली जातात आणि गुरूची थोरवी शिष्यांच्या कीर्तीवरून मोजली जाते. हे स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे त्यांच्या कार्याचा एक मोठा भाग झाकोळून गेला आहे. एकट्या कलावंताने रागाचा विस्तार करावा आणि इतरांनी त्याला साथ द्यावी, या परंपरेच्या गाभ्यात ज्यांची साधना झाली त्याच खाँसाहेबांनी बघेलखंडातील एका लहानशा संस्थानात अनाथ मुले गोळा केली, त्यांच्या हाती नाना जातींची वाद्ये दिली आणि त्यांचा एक वृंद उभा केला. मैहर बँड या काहीशा लष्करी नावाने तो ओळखला जातो. या वृंदाचे मोल समजण्यासाठी वाद्यांच्या वर्गांचा व वृंदाचा शास्त्रातील विचार थोडा पाहिला पाहिजे.

भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग मानले आहेत. तारेच्या कंपनाने बोलणारी वीणेसारखी वाद्ये ती तत. पोकळीतील वायूच्या कंपनाने वाजणारी वेणूसारखी ती सुषिर. चामड्याने मढविलेली मृदंगादी ती अवनद्ध. आणि टाळ-झांजांप्रमाणे ज्यांचे अंगच आघाताने नाद करते ती घन. गजाने वाजणाऱ्या ततवाद्यांना वितत म्हणण्याचा प्रघात पुढील काळातला. या वर्गीकरणाची खुबी अशी की वाद्य कशाचे बनले आहे किंवा ते कोण वाजवितो याला त्यात महत्त्व नाही. नाद कोणत्या वस्तूच्या कंपनातून उपजतो एवढेच पाहिले जाते. युरोपातील वाद्यवृंदात काष्ठाची फुंकवाद्ये आणि पितळी फुंकवाद्ये असा जो भेद केला जातो तो व्यवहाराला सोयीचा असला तरी शास्त्रदृष्ट्या लंगडा आहे, कारण धातूची बासरीही तेथे काष्ठवाद्यांतच बसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे सौरींद्रमोहन ठाकूर यांनी भारतीय वाद्यांचा एक संग्रह ब्रुसेल्सला पाठविला. तेथील वाद्यसंग्रहालयाचे प्रमुख व्हिक्टर माहियों यांनी आपल्या सूचीसाठी चार वर्गांचीच पद्धत स्वीकारली आणि तिच्या आधारे १९१४ मध्ये हॉर्नबॉस्टेल व साक्स यांनी आज जगभर चालणारे वर्गीकरण सिद्ध केले. भरताचा विचार असा बंगालच्या वाटेने युरोपात पोहोचला, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

वृंदाची कल्पनाही आपल्याकडे परकी नाही. नाट्यप्रयोगातील वादकसमूहाला भरताने कुतप म्हटले आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात गायक-वादकांच्या संख्येनुसार वृंदाचे उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे प्रकार सांगितले आहेत. तथापि पुढे ध्रुपद आणि ख्याल यांच्या वाढीबरोबर एकाच कलावंताची आलापचारी हीच संगीताची परमावधी ठरली. वृंद उरला तो देवळांच्या नगारखान्यात आणि राजवाड्यांच्या देवडीवर. महाराष्ट्रातील सनई-चौघडा हा त्याचाच अवशेष. मैफलीच्या गादीवर मात्र त्याला स्थान राहिले नाही.

अल्लाउद्दीन खाँ यांचा जन्म पूर्व बंगालमधील ब्राह्मणबाडियाजवळच्या शिबपूर या खेड्यात झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. जन्मवर्षाबद्दल एकमत नाही. घराण्यातील समजुतीप्रमाणे ते १८६२, तर अनेक अभ्यासकांच्या मते १८८१ होय. वडील साधू खाँ हे शेतकरी, पण सतारीचा नाद असलेले. थोरले बंधू आफताबुद्दीन बासरी, तबला अशी अनेक वाद्ये वाजवीत आणि वृत्तीने फकीर होते. घरातले संगीत कानांवर पडत होते, परंतु त्याने मुलाची तहान भागली नाही, वाढलीच. शाळेत जीव रमेना. वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी हा मुलगा घर सोडून पळाला आणि अखेर कलकत्त्यास येऊन पोहोचला. अन्नछत्रात जेवावे आणि रस्त्यालगत मिळेल तेथे झोपावे, असे दिवस त्याने काढले. शांतिनिकेतनच्या मुक्कामात खाँसाहेबांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणी आमार कथा या नावाने बंगालीत पुस्तकरूप झाल्या आहेत. या काळाची हकीकत मुख्यतः त्यांतूनच कळते. त्या आठवणींत सनावळ्यांचा मेळ नेहमी बसत नाही, पण माणसे आणि प्रसंग स्पष्ट आहेत.

कलकत्त्यात त्यांना पहिले गुरू लाभले ते नुलो गोपाल या नावाने प्रसिद्ध असलेले गोपालकृष्ण भट्टाचार्य. बारा वर्षे केवळ सरगम आणि पलटे घोटण्याची तयारी असेल तरच शिकवू, अशी त्यांची अट होती. ती मान्य करून, हिंदू नाव धारण करून, या मुलाने त्यांच्याकडे तानपुऱ्यावर स्वरसाधना आरंभिली. सुमारे सात वर्षे झाली आणि गुरू प्लेगला बळी पडले. कलकत्त्यात प्लेगची साथ आली ती १८९८ मध्ये. हा हिशेब धरला तर जन्मवर्षाच्या वादात १८८१ च्या बाजूचे पारडे जड होते. ते कसेही असो, गुरूच्या निधनानंतर त्यांनी कंठसंगीत सोडून वाद्यांकडे वळण्याचे ठरविले. परंतु त्या सात वर्षांनी कानात जी सरगम मुरली, ती पुढे प्रत्येक वाद्याच्या कामी आली. एखादा स्वर गळ्यातून नेमका उतरला की तो तारेवर, नळीवर किंवा पितळेवर कोठे सापडेल हे शोधणे तेवढे उरते.

मधल्या काळात घरच्यांनी त्यांचा शोध लावला, त्यांना गावी नेले आणि लग्न लावून दिले. पत्नीचे नाव मदनमंजरी. लग्नाच्याच रात्री नवरदेव वधूचे दागिने घेऊन पुन्हा कलकत्त्याला पळाले. ही गोष्ट त्यांच्या आठवणींत विनोदाच्या अंगाने सांगितली जाते, आणि पुढे त्यांनी पत्नीच्या नावाने मदनमंजरी हा राग रचला हेही कौतुकाने नमूद केले जाते. पण ज्या मुलीला त्या रात्रीनंतर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली, तिच्या बाजूने ही कथा कोणी लिहिलेली नाही. कलावंताच्या तपश्चर्येची किंमत पुष्कळदा दुसऱ्यानेच चुकती केलेली असते, आणि खाँसाहेबांच्या चरित्रात याची उदाहरणे एकाहून अधिक आहेत.

कलकत्त्यातील त्यांचे दुसरे शिक्षण रंगभूमीच्या वाद्यमेळ्यात झाले. या मेळ्यांचीही एक परंपरा होती. १८५८ मध्ये बेलगाछियाच्या नाट्यगृहात क्षेत्रमोहन गोस्वामी यांनी देशी रागांच्या आधारे वृंदवादन बसविले होते. बंगालीत त्याला ऐकतान हे सुंदर नाव मिळाले. पडदा वर जाण्यापूर्वी आणि दोन अंकांच्या मध्ये असे वादन होण्याची प्रथा व्यावसायिक रंगभूमीनेही उचलली. स्टार थिएटरच्या मेळ्याचे प्रमुख अमृतलाल दत्त ऊर्फ हाबू दत्त हे स्वामी विवेकानंदांच्या कुळातले, अनेक वाद्यांत निष्णात असे गृहस्थ होते. त्यांच्या हाताखाली अल्लाउद्दीन यांनी बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, मँडोलिन, बँजो अशी वाद्ये आत्मसात केली. पाश्चात्य पद्धतीचे व्हायोलिन त्यांना शिकविले ते ईडन गार्डनच्या बँडचे प्रमुख लोबो यांनी. लोबो मूळचे गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले वादक त्या काळी हिंदुस्थानभर बँडांतून आणि संस्थानांतून विखुरलेले होते, आणि आपल्याकडील वृंदवादनावर त्यांचे ऋण फार मोठे आहे. त्याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. हजारी उस्तादांकडून सनई आणि नगारा, नंदबाबूंकडून मृदंग, हेही शिक्षण याच काळातले. पोटासाठी त्यांनी गिरीशचंद्र घोषांच्या रंगभूमीवर वादकाची नोकरी धरली. तेथे त्यांचे नाव प्रसन्नकुमार विश्वास असे होते.

तत, सुषिर, अवनद्ध आणि घन हे चार वर्ग शास्त्रीबुवांना श्लोकातून कळतात. अल्लाउद्दीन यांना ते बोटांतून, ओठांतून आणि मनगटातून कळले. एक वाद्य उत्तम वाजविणारे पुष्कळ असतात. परंतु निरनिराळ्या वर्गांची वाद्ये ज्याच्या हाताखालून गेली आहेत त्यालाच प्रत्येकाची मर्यादा ठाऊक असते. कोणत्या वाद्यावर मींड निघते आणि कोणत्यावर निघत नाही, कोणाचा नाद टिकतो आणि कोणाचा क्षणात विझतो, कोणाचा आवाज दुसऱ्याला गिळतो, हे ज्ञान वृंदाची रचना करणाऱ्याला अत्यावश्यक असते. मैहर बँडचा पाया अशा रीतीने कलकत्त्यातच घातला गेला, जरी त्या वेळी त्यांच्या मनात तसा काही विचार नव्हता.

या बहुविध कौशल्याचा त्यांना काहीसा अभिमानही झाला होता. त्याच तोऱ्यात ते मुक्तागाछाचे जमीनदार जगत्किशोर आचार्य यांच्या दरबारी गेले. तेथे अहमद अली खाँ यांचा सरोद ऐकला आणि अभिमान गळून पडला. ज्याला ते संगीत समजत होते ते केवळ अक्षरओळख होते, हे त्यांच्या ध्यानी आले. अहमद अलींचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. शिष्यत्व म्हणजे मुख्यत्वे सेवा: स्वयंपाक, झाडलोट, हुक्का. उस्ताद शिकवीत थोडे. शिष्य दाराआडून ऐके आणि एकांतात घोटून तयार करी. आपण न शिकविलेली विद्या या बंगाली पोराच्या हाती आली आहे, हे ध्यानी येताच उस्ताद संतापले. अहमद अलींच्याच मागोमाग ते रामपूरला पोहोचले होते. आता त्यांची दृष्टी तेथील वजीर खाँ यांच्याकडे वळली.

वजीर खाँ हे तानसेनाच्या कन्येच्या वंशातील, सेनिया परंपरेचे श्रेष्ठ बीनकार आणि रामपूरचे नबाब हमीद अली खाँ यांचे गुरू. त्यांच्या देवडीवर एका फाटक्या बंगाल्याला प्रवेश मिळणे शक्यच नव्हते. महिनोगणती खेटे घालूनही उपयोग होईना तेव्हा अल्लाउद्दीन यांनी अफू खाऊन जीव देण्याचे ठरविले. एका मौलवींनी त्यांना त्यापासून परावृत्त केले आणि नबाबांच्या नावे अर्ज लिहून दिला. तो घेऊन ते एके दिवशी नबाबांच्या गाडीपुढे आडवे पडले. नबाबांनी विचारपूस केली, त्यांची वाद्ये ऐकली, एका माणसाला इतकी वाद्ये येतात याचे त्यांना नवल वाटले, आणि त्यांच्या शब्दाखातर वजीर खाँनी गंडा बांधला.

गंडा बांधला तरी विद्या मिळाली नाही. जवळजवळ अडीच वर्षे वजीर खाँनी नव्या शिष्याकडे पाहिलेदेखील नाही. त्या काळात अल्लाउद्दीन रामपूरच्या दरबारी वाद्यमेळ्यात व्हायोलिन वाजवीत आणि तेथील वृद्ध कलावंतांकडून चिजा आणि गती गोळा करीत राहिले. पुढे त्यांच्या पत्नीने गावी जीव देण्याचा प्रयत्न केल्याची तार वजीर खाँच्या हाती पडली. घरदार सोडून आलेल्या या माणसाची आपण केवढी उपेक्षा केली हे त्यांना जाणवले, आणि तेव्हापासून त्यांनी हातचे न राखता शिकवावयास सुरुवात केली. बीन हे वाद्य मात्र वंशजांखेरीज कोणाला द्यावयाचे नाही, हा घराण्याचा दंडक त्यांनी मोडला नाही. ध्रुपद-धमाराची तालीम, रबाब आणि सूरसिंगार यांचे अंग त्यांनी दिले, आणि अल्लाउद्दीन यांनी ते सरोदावर उतरविले. बीनेची गंभीर आलापचारी, रबाबाचे बोल आणि गायकीचा स्वरविलास हे सारे एका वाद्यात येऊन मिळाले ते या नकाराच्या पोटी. ज्येष्ठ पुत्राच्या मृत्यूनंतर वजीर खाँनी त्यांना पुन्हा बोलावून घेतले आणि राहिलेली विद्याही त्यांच्या स्वाधीन केली.

१९१८ मध्ये खाँसाहेब मैहरचे राजे ब्रिजनाथ सिंह यांचे गुरू आणि दरबारी वादक म्हणून मैहरला आले. तेथून ते अखेरपर्यंत हलले नाहीत. त्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभर थैमान घातले. गावोगाव घरे ओस पडली आणि आईबाप गमावलेली मुले रस्त्यावर आली. राजेसाहेबांच्या आश्रयाने खाँसाहेबांनी अशा मुलामुलींना जवळ केले. त्यांच्या अन्नवस्त्राची सोय झाली आणि त्याबरोबर वाद्यांचे शिक्षण सुरू झाले. ही मुले कोणत्याही घराण्याची नव्हती. त्यांच्यापैकी बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांना सरगम मुखोद्गत करवून, मग ज्याच्या त्याच्या हाताचा कल पाहून सतार, सरोद, इसराज, व्हायोलिन, चेलो, बासरी, हार्मोनियम, तबला अशी वाद्ये देण्यात आली. जी विद्या मिळविण्यासाठी खाँसाहेबांना स्वतः गाडीपुढे पडावे लागले, तिचा एक ओघ त्यांनी जात-कूळ न विचारता या पोरांसाठी मोकळा केला.

जी वाद्ये हाताशी नव्हती ती घडविण्यात आली. सतार आणि बँजो यांच्या संयोगातून सतार-बँजो तयार झाला. सर्वांत प्रसिद्ध झाले ते नलतरंग. संस्थानच्या शस्त्रागारातील निकामी बंदुकांच्या नळ्या निरनिराळ्या लांबीच्या कापून त्या ओळीने मांडल्या आणि लहान हातोड्यांनी वाजविल्या. हे शुद्ध घनवाद्य होय. दिसावयास सोपे, पण जुळविण्यास अवघड. तार निम्मी केली की तिचा स्वर एका सप्तकाने चढतो. नळीचे तसे नाही. आघाताने कंप पावणाऱ्या नळीची कंपनसंख्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून तार षड्जासाठी लागणारी नळी मध्य षड्जाच्या नळीच्या निम्मी नसून सुमारे सात-दशांश असते, आणि मधले स्वर त्या तीन-दशांशाच्या अंतरात बसवावे लागतात. तार सैल झाली तर खुंटी पिळता येते; नळी एकदा जास्त कापली गेली की ती वाया गेली. केवळ कानाच्या भरवशावर, कानस घेऊन, हे काम मैहरला पार पडले.

बँडच्या रचनांत राग होते, लोकधुना होत्या आणि पाश्चात्य धाटणीच्या काही चालीही होत्या. युरोपीय वृंदात एकाच वेळी निरनिराळे स्वर उभे करून स्वरसंवाद साधतात. खाँसाहेब त्या वाटेने फारसे गेले नाहीत. राग हा एका स्वररेषेचा विचार आहे आणि तिच्यावर स्वरांचे मजले चढविले तर रागाचे रूप बिघडते, हे सेनिया तालमीत मुरलेल्या कानाला कळत होते. म्हणून सर्व वाद्ये एकच गत निरनिराळ्या सप्तकांत वाजवीत. मध्येच एक गट थांबे आणि दुसरा तीच ओळ उचलून घेई. कधी गजाची वाद्ये दीर्घ स्वर धरून ठेवीत आणि छेडण्याची वाद्ये त्यावर दुगुनीचे काम करीत. विविधता साधली जाई ती नादाच्या रंगातून आणि लयीच्या खेळातून. या मार्गाला मर्यादा होत्याच. हार्मोनियमसारख्या बांधल्या स्वरांच्या वाद्याला दरबारीचा आंदोलित गांधार सापडत नाही, आणि नलतरंगावर मींड अशक्य. त्यामुळे आलापप्रधान, जड प्रकृतीच्या रागांपेक्षा सरळ स्वरांच्या आणि चपळ गतींच्या रचनाच वृंदाला अधिक मानवतात. त्याच्याकडून कोणी आलापाची अपेक्षा करू नये. भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौला जी संगीत परिषद भरली तेथे पंडितांपुढे हा बँड वाजला आणि खेडवळ मुलांच्या शिस्तीची वाखाणणी झाली.

शिस्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खाँसाहेबांचा राग प्रसिद्ध होता. बाहेर अत्यंत नम्र, पाहुण्यापुढे वाकणारे, पाच वेळा नमाज पढणारे आणि त्याच भक्तिभावाने टेकडीवरच्या शारदामातेला मानणारे हे गृहस्थ शिकविताना चुकीचा स्वर ऐकला की भान विसरत. वाद्य जुळविण्याची हातोडी शिष्याच्या अंगावर येई. मुलगा अली अकबर याला दिवसाकाठी अठरा अठरा तास रियाझ असे आणि कसूर झाली की झाडाला बांधून मार मिळे. हा मुलगाही एकदा घरातून पळाला. त्या यातनांतून विसाव्या शतकातील एक थोर सरोदवादक घडला हे खरे. परंतु त्या मारामुळे घडला की मार असूनही घडला, हे ठरविणे सोपे नाही. बँडमधील अनाथ मुलांना तर पळून जावयास घरही नव्हते.

थोरली मुलगी जहाँआरा हिला त्यांनी गाणे शिकविले होते. सासरी ते रुचले नाही. तिचा तानपुरा जाळण्यात आला, आणि ती माहेरी परतून अकाली मरण पावली. या आघाताने त्यांनी धाकट्या मुलीला संगीतापासून दूर ठेवावयाचे ठरविले. पण एके दिवशी बाहेरून येताना त्यांच्या कानांवर पडले ते असे की भाऊ चुकत आहे आणि अन्नपूर्णा गाऊन त्याची चूक दुरुस्त करीत आहे. त्यांनी निश्चय मोडला आणि तिला प्रथम सतार व पुढे सूरबहार दिला. मुंबईत दीर्घकाळ एकांतवासात राहून, मैफलीचा त्याग करून अन्नपूर्णादेवींनी ती विद्या २०१८ पर्यंत शिष्यांना दिली.

१९३५ मध्ये उदयशंकरांच्या नृत्यपथकाबरोबर खाँसाहेब युरोपच्या दौऱ्यावर गेले. त्या पथकाचे संगीत तिमिर बरन यांनी आणि विष्णु दिगंबर पलुस्करांच्या तालमीतील विष्णुदास शिराळी यांनी घडविले होते. तिमिर बरन तर खाँसाहेबांचेच शिष्य. मुंबईच्या बंदरावर निरोप देताना शंकर बंधूंच्या आईने धाकट्या रविशंकरचा हात खाँसाहेबांच्या हाती दिला आणि ते ओक्साबोक्शी रडले, असे रविशंकरांनी लिहून ठेवले आहे. १९३८ मध्ये हा तरुण पॅरिसचे कपडे टाकून, डोके भादरून मैहरला आला. अल्मोड्याच्या उदयशंकर केंद्रातही खाँसाहेबांनी काही काळ शिकविले, आणि तेथेच १९४१ मध्ये रविशंकर व अन्नपूर्णा यांचा विवाह झाला.

वाद्यांच्या घडणीत त्यांना साथ लाभली ती धाकटे बंधू आयेत अली खाँ यांची. दोघांनी मिळून सरोदाचे रूप पालटले. नादपेटी मोठी व गोलाकार केली, तारा वाढविल्या. मुख्य तारा चार, जोडीच्या चार, चिकारीच्या दोन आणि तरफेच्या पंधरा, अशा पंचवीस तारांचा मैहरचा सरोद रूढ झाला. चंद्रसारंग हे गजाचे नवे वाद्यही याच प्रयत्नांतले. खाँसाहेब सरोद डाव्या हाताने छेडीत, पण तबला-मृदंग उजव्या हाताने वाजवीत. हेमंत, हेमबिहाग, मदनमंजरी हे त्यांचे राग त्यांच्या परंपरेत वाजविले जात आहेत.

शिष्यांनी गुरूची एकलवादनाची विद्या जशी उचलली तशी वृंदाची कल्पनाही उचलली. तिमिर बरन यांनी ती कलकत्त्याच्या चित्रपटात नेली. १९३५ च्या देवदासचे संगीत त्यांचे. रविशंकरांनी १९४९ मध्ये दिल्लीला आकाशवाणीत येऊन वाद्यवृंद उभारला, आणि १९५६ मध्ये त्याच्या संचालनाची धुरा मुंबईहून आलेल्या पन्नालाल घोषांकडे गेली. पन्नालाल घोष हेही मैहरचेच गंडाबंद शिष्य. व्हायोलिनवादक वि. गो. जोग यांनी खाँसाहेबांकडून तालीम घेतली, आणि त्यांच्या वादनातील छेडीचे अंग त्या तालमीची आठवण देते. मैहरची पोरकी मुले आणि दिल्लीचे निवडक पगारी कलावंत यांच्या परिस्थितीत अंतर फार होते, पण एकच स्वररेषा अनेक नादांनी रंगविण्याची रीत बरीचशी तीच राहिली.

संस्थान विलीन झाल्यावर राजाश्रय संपला. बँडचे काय होणार, ही खाँसाहेबांच्या उतारवयातील मोठी चिंता होती. पुढे तो मैहरच्या शासकीय संगीत महाविद्यालयाशी जोडला गेला, आणि वृंदातील जागा हळूहळू नोकरीच्या जागा झाल्या. स्वतः खाँसाहेबांच्या वाट्याला मान पुष्कळ आले. १९५२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९५८ मध्ये पद्मभूषण, विश्वभारतीची देशिकोत्तम पदवी, १९७१ मध्ये पद्मविभूषण. त्यांपैकी कशानेही मैहरच्या घरातील दिनक्रम बदलला नाही. पहाटे उठावे, बाजारातून भाजी स्वतः आणावी, शिष्यांना बसवावे आणि चुकले की ओरडावे. ६ सप्टेंबर १९७२ रोजी मैहर येथेच त्यांचे निधन झाले.

जन्मभूमीत ब्राह्मणबाडिया येथे त्यांच्या नावाचे संगीतांगण आहे. ते २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दंगलखोरांनी जाळले. त्यात त्यांच्या हातची वाद्येही गेली. मैहरला मदिना भवनाच्या आवारात पत्नीच्या कबरीशेजारी त्यांची कबर आहे. बँडमध्ये आता तिसऱ्या-चौथ्या पिढीचे वादक वाजवितात, आणि बंदुकीच्या नळ्यांचे ते नलतरंग त्यांच्या मांडणीत पुढेच ठेवलेले असते.